बाणाचा टेकू

ईडन प्रेरी,
१७ ऑगस्ट

प्रिय राधी,

अक्षर पाहून घाबरू नकोस. माझं बीपी बरं आहे, हात बरा आहे, आणि मागच्याच महिन्यात डॉक्टरने मला ‘बोअरिंगली हेल्दी’ असा शेरा दिला आहे. अक्षर असं का आलंय ते शेवटी सांगतो. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस, तेवढं या वेळी करू नकोस. पाकिटावरचा पत्ता आईने लिहिलाय, नाहीतर हे पत्र तुमच्या बेमिजीला पोचण्याऐवजी कुठेतरी भलतीकडेच गेलं असतं.

तुझं धनुष्य आमच्या गॅरेजमध्ये राहिलंय. मागच्या गणपतीत तू ते इथल्या दुकानात दुरुस्तीला द्यायचं म्हणून घेऊन आली होतीस. मग जेवणाच्या टेबलावर जे झालं, त्यानंतर तासाभरात एरिकने बॅगा गाडीत टाकल्या, तू रडणाऱ्या सियाला मागच्या सीटवर बसवलंस आणि निघून गेलीस. धनुष्य भिंतीला टेकून उभंच राहिलं. मोदकांचा डबाही ओट्यावर राहिला. येत्या गणपतीला त्याला वर्ष होईल. या वर्षात तू आईशी बोललीस, माझ्याशी नाही. सिया स्क्रीनवर येते ती मी खोलीत नसतो तेव्हा. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. चूक कुणाची होती हे मला त्याच दिवशी कळलं होतं. फक्त ती किती जुनी होती, ते कळायला हा जुलै उजाडला.

जुलैत गॅरेज आवरायला काढलं. धनुष्य हातात घेतलं तर बाण ज्याच्यावर टेकतो तो छोटासा भाग मोडून लोंबत होता. त्याला ॲरो रेस्ट म्हणतात हे मी नंतर शिकलो. मी आपला त्याला टेकू म्हणतो. तेव्हा मला आठवलं, मागच्या ऑक्टोबरात तू आईला फोनवर सांगत होतीस की यंदा शिकारीला गेलेच नाही, एरिकचं धनुष्य मला चालत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होतो. वाटलं, एरिक सहा फुटांवर, त्याचं धनुष्य ओढायला जड असणार. राधी, शिकार मला अजून पटलेली नाही, खोटं कशाला सांगू. तुझ्या फ्रीजरचं झाकण मी एकदाच उघडलंय आणि पुन्हा उघडणार नाही. पण माझ्यामुळे तुझा अख्खा हंगाम बुडाला, हे मला त्याहून कमी पटलं. म्हटलं, निदान एवढा टेकू तरी बसवून देऊ.

आता मी रिटायर्ड इंजिनियर. मी काय केलं असेल ते तुला सांगायला नकोच. तीन आठवडे व्हिडिओ पाहिले आणि एक्सेलमध्ये तक्ता केला. अकरा टेकू आणि नऊ रकाने: वजन, आवाज, हलणारे भाग, गोठणाऱ्या थंडीत काय होतं, लोकांचे अभिप्राय, वगैरे. बहुतेक टेकू दोन जातींचे निघाले. एकात बाटली धुवायच्या ब्रशसारखं केसांचं कडं असतं, बाण त्यात खुपसून ठेवायचा. तो कुठे पडत नाही, पण सुटताना त्याची पिसं त्या केसांना घासून जातात. दुसरा दोरी सुटली की बाणाच्या वाटेतून झटकन खाली पडतो. माझ्या तक्त्यात ब्रशवाला पहिला आला. त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि तो बाणाला चहूबाजूंनी धरून ठेवतो. मला तो फार आवडला. आई म्हणाली, तुम्हाला आवडणारच.

तक्त्याची प्रिंट आणि धनुष्य घेऊन मी हायवेलगतच्या त्या दुकानात गेलो. भिंतीभर हरणांची मुंडकी, कोपऱ्यात कॉफीचं मशीन, आणि काउंटरमागे माझ्याच वयाची मार्लिस नावाची बाई. चष्मा कपाळावर चढवून तिने माझा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, ‘‘वेल, दॅट्स डिफरंट.’’ मिनेसोटात पस्तीस वर्षं काढल्यावर याचा अर्थ मला कळतो: हे काही कामाचं नाही. मग तिने शांतपणे विचारलं, मुलगी बाण कोणत्या हाताने सोडते? नऊ रकान्यांत हा रकाना नव्हता. मी म्हटलं, उजव्या, अर्थात. तिने धनुष्य उचललं, उलटसुलट फिरवलं आणि म्हणाली, हे डावखुऱ्या माणसाचं धनुष्य आहे.

राधी, मी तिच्याशी वाद घातला. म्हटलं, तेव्हा दुकानदाराने चुकीचं दिलं असेल. ती म्हणाली, चुकीचं धनुष्य कुणी वीस वर्षं वापरत नाही. मग तिने मला धनुष्याची मूठ दाखवली. तिच्यावरचं रबर अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालंय, आणि ती झीज उजव्या अंगठ्याची आहे. म्हणजे तू उजव्या हातात धनुष्य धरतेस आणि डाव्या हाताने दोरी ओढतेस. एरिकचं धनुष्य तुला का चालत नाही ते मला हरणांच्या मुंडक्यांखाली उभं राहून कळलं. टेकूसुद्धा डावा आणि उजवा वेगळा असतो. डावा दुकानात नव्हता, मागवावा लागणार होता, दहा दिवस. मार्लिस म्हणाली, डावखुऱ्यांना वाट पाहायची सवय असते.

ते धनुष्य तू सतराव्या वर्षी, सुट्टीतल्या नोकरीच्या पैशांतून घेतलंस. लग्न होऊन जाईपर्यंत ते या घरात होतं. दर खंडेनवमीला आई शस्त्रं म्हणून लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि तुझं धनुष्य पाटावर मांडायची, आणि झेंडू मी वाहायचो. मी गमतीने म्हणायचो की आपल्याकडे खरं शस्त्र असलेलं हे एकच घर आहे. इतकी वर्षं मी ते हातात घेतलं, पुसलं, त्याला हळद-कुंकू लावलं, आणि मला दिसलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. तिने सुरी थांबवलीसुद्धा नाही. म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

लाल हातमोजा आठवतो तुला? माझ्या डोळ्यांपुढून तो हलत नाही. तू पाच वर्षांची होतीस. बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की ती डावखुरी आहे, तिला तसंच लिहू द्या. मी मान डोलावली, थँक यू म्हटलं, आणि घरी आल्यावर जेवताना आणि अभ्यासाला बसताना तुझ्या डाव्या हातात तो लोकरीचा जाड मोजा चढवायला लागलो. जूनमध्येसुद्धा. तू आधी रडलीस, मग रडायची थांबलीस, आणि मला वाटलं झालं काम. नागपूरला आजीला फोन करून सांगितलं, डावरेपणा गेला. गेला कुठला. तू तो उचलून माझ्या नजरेबाहेर रानात नेऊन ठेवलास, आणि घरात माझ्यासमोर उजव्या हाताने भात कालवत राहिलीस. मागच्या वर्षी सियाने प्रसादाला डावा हात पुढे केला, मी तो धरून टेबलाखाली दाबून ठेवला, आणि तू स्वयंपाकघरातून पाहिलंस. तुला काय दिसलं असेल, हे मला आता कळतंय. मला माफ कर. सियाच्या हातासाठी आणि तुझ्या हातासाठी, दोन्हींसाठी.

आता जे मी कुणालाही सांगितलेलं नाही ते सांगतो. आईलासुद्धा काल सांगितलं, लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर. मीही डावखुरा होतो. पहिलीत गुरुजी बोटांच्या पेरांवर पट्टी उभी मारायचे. घरी तुझे आजोबा जेवताना माझा डावा हात पंच्याने पाठीशी बांधायचे. तीन महिने लागले. त्यानंतर काही दिवस मी बोलताना अडखळायचो, तेही पुढे गेलं, आणि मी डावखुरा होतो हे मी इतकं नीट विसरलो की फॉर्मवरच्या ‘राइट हँडेड’च्या चौकटीत खूण करताना मला कधी थांबावंही लागलं नाही. बालवाडीच्या बाईंनी मला तुझ्याबद्दल सांगितलं तेव्हा मात्र ती पट्टी आठवली. वाटलं, हिला कुणीतरी मारेल, त्याआधी आपणच हळू हाताने सुधारू. इथे ईडन प्रेरीत तुला कुणीही मारणार नव्हतं. कुणाला काही पडलंच नव्हतं. पट्टी माझ्या डोक्यात होती आणि मी ती मायेने, लोकर लावून, तुझ्यापर्यंत आणली.

डावा टेकू शुक्रवारी आला. ब्रशवाला मी घेतला नाही. तू झाडावरच्या मचाणावर बसतेस हे सांगितल्यावर मार्लिसने दुसऱ्या जातीतला एक सुचवला. थंडीने हात थरथरला तरी तो बाण पडू देत नाही, आणि दोरी सुटली की खाली पडून वाट मोकळी करतो. यावर मी तात्पर्य लिहिणार नाही, तू डोळे फिरवशील. तिने तो माझ्यादेखत बसवला. पण काम पुरं झालेलं नाही. ज्याचं धनुष्य आहे त्याने स्वतः बाण ताणलेल्या कागदातून सोडायचा, कागद कसा फाटतो ते बघून टेकू केसभर इकडेतिकडे सरकवायचा, मग ते झालं. ते मला करता येणार नाही आणि मार्लिसलाही नाही. हंगामाला चार आठवडे आहेत. तू इकडे आलीस तर तिने शनिवारची वेळ राखून ठेवली आहे. नाहीतर मी धनुष्य घेऊन तिकडे येतो, चार तासांचा तर रस्ता. तुला नको असेल तर तुमच्या पोर्चवर ठेवीन आणि बेल न वाजवता परत फिरेन. मी ते खरंच करीन. पण गेल्या रविवारी मी चुकून तुमच्या व्हिडिओ कॉलमध्ये आलो तेव्हा तू फोन बंद केला नाहीस, दोन सेकंद तसाच राहू दिलास. त्या दोन सेकंदांच्या भरवशावर हे पत्र पोस्टात टाकतोय.

आणि आता अक्षराबद्दल. दुकानातून परतलो त्या दिवशी मी थेट सियाच्या खणाकडे गेलो आणि तिची राहिलेली जाड पेन्सिल घेतली. तेव्हापासून रोज अर्धं पान गिरवतो. हे पत्र मी सगळंच्या सगळं डाव्या हाताने लिहिलंय. आज एकविसावा दिवस. पहिल्या पानावरची वळणं पाहून तुला वाटलं असेल बाबाला काहीतरी झालंय. पण शेवटची दोन पानं पुन्हा बघ, हाताला थोडंथोडं आठवायला लागलंय. ‘ळ’ मात्र अजून वळत नाही आणि लिहिलेल्यावरून तळवा फिरून सगळं काळं होतं. पेन्सिल कशी धरली की तसं होत नाही, हे सियाला नक्की माहीत असेल. तिला विचार, आजोबांना शिकवशील का.

तुझाच, पहिलीत पुन्हा नाव घातलेला,
बाबा