गौरी विचारते, आबा कुठं?

तीर्थरूप आबा,

तुम्ही समोर असतानाही मी तुमच्याशी मोजकंच बोलायचे, तेव्हा गेल्यावर काय लिहिणार! पण आज सांगलीहून मलकापूरला येताना एसटीत तुमची नात मांडीवर झोपली होती आणि वाटलं, हे तुम्हालाच सांगावं. दुसऱ्या कुणाला सांगायचं त्राण नाही.

गौरी दोन शब्द जोडायला लागली, आबा. चार वर्षांची झाली तरी एकेका शब्दापुढं जात नव्हती ना? आणि पहिले दोन शब्द कोणते जोडले, ठाऊक आहे? "आबा कुठं?"

तुमचे दिवस नुकतेच झाले होते. सगळे जेवायला बसलो होतो. आई म्हणाल्या, "गावाला गेल्यात, बाळा," आणि ताटावरून उठल्या. मग मीही तेच सांगितलं, ह्यांनीही तेच. आपल्याकडे लेकरांना असंच सांगतात. ती मात्र रोज संध्याकाळी दारात जाऊन उभी राहायला लागली.

तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे तुम्हीच न्यायचात. फौजेत उभा जन्म गेला, पण बाईंसमोर गप्प बसणं काही जमलं नाही! बाईंनी चेंडू दाखवला की तिच्या आधी तुमचंच उत्तर. शेवटी बाईंनी विचारलं, "आबा, नाव कुणाचं घातलंय, तुमचं का नातीचं?" तेव्हापासून तोंडात सुपारी धरून बसायचात. शिवाय पोपटानं उष्टावलेला पेरू शोधत मळाभर हिंडलात, तो बोलणं येण्यासाठी.

घरी मात्र तिनं नुसतं बघितलं की वस्तू तिच्या हातात. तिला मागू द्या म्हणून किती सांगायचं? "मला कळतंय की तिचं," म्हणायचात. कळत होतं खरं. आता तसं कुणालाच कळत नाही. मी तिच्यासमोर बसते, विचारते, वाट बघते. फार दमायला होतं, आबा.

गेल्या आठवड्यापासून तिनं विचारणं सोडलंय. तुमच्या कॉटकडे नुसतं बोट करते. बाकीचे शब्दही कमी झालेत. आज बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "विचारून उपयोग नाही, हे ती शिकली. खरं सांगा तिला, छोट्या शब्दांत." घरात चालणार नाही, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, "आणि ती गप्प झालेली चालेल?"

घरी येऊन आईंना सांगितलं. त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "तूच सांग. माज्यानं न्हाई व्हायचं."

माझ्यानं तरी कुठं होतंय? पण उद्या सकाळी तिला समोर बसवून सांगेन, की आबा वारले, आबा आता येणार नाहीत. मग थांबेन. ती रडेल, रागावेल, नाहीतर काहीतरी विचारेल. जे विचारेल त्याचं खरं उत्तर देईन, कितीही वेळा विचारलं तरी. एवढा शब्द तुम्हाला देते.

तुमची सून,
वैशाली