दादाच्या कागदावरचा जिना

दादा,

तुझे दवाखान्याचे कागद मी नेलेत, शोधत बसू नकोस. तीन रात्रींनी तुझा आत्ता कुठे डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. मीही पार दमलेय रे.

कागदावर लिहिलंय, ‘घरच्या जिन्यावरून पडला.’ दादा, आपण तळमजल्यावर राहतो! सुपरवायझरनेच तुला तसं सांगायला लावलं ना? गोदामातली शिडी मोडून तू पडलास, हे पॅकिंगवाल्या काकूंनी मला सगळं सांगितलं. कामावर लागलं तर उपचार मालकाने करायचे असतात, मनगटाचं ऑपरेशनसुद्धा. पण कागद असाच राहिला, तर तो अंग काढून घेईल आणि तुझं मनगट वाकडंच राहील. काकू साक्षीला माझ्याबरोबर येतायत. डॉक्टरांना खरं सांगून दुरुस्त करून मागते.

जेवण झाकून ठेवलंय, चमच्याने खा.

दुपारी सुपरवायझर कसल्यातरी सहीसाठी येणार आहे, गोड बोलेल. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, एवढंच सांग. डाव्या हाताचा अंगठा मागितला, तर म्हणावं, बहीण घरात नसताना देत नाही.

तुझी छोटी