फेस साबणाचाच आहे

३ जून
आजपासून राग कायमचा बंद. ट्रान्सप्लान्टवाले डॉक्टर म्हणतात, रागानं बीपी चढतं आणि बीपी किडनी खातं. किडनी बायकोची, चांगुणानं दिलेली. जिवापाड जपणार. अख्ख्या जानेफळात माझ्याएवढा शांत माणूस दाखवा.

४ जून, सकाळी
लघवीला फेस. चांगुणा संडासात साबणाचा चुरा टाकते, त्याचाच. विचारलं तर म्हणे चुरा कधीचाच संपला. उलट उत्तर! बादली लाथेनं उडवली. बादलीवरचा राग रागात धरत नाहीत.

७ जून
बीपीचं मशीन खोटं बोलतं. भिंतीवर आपटलं. आता गप्प आहे.

९ जून
पाय सुजले. नव्या चपलेमुळे. चप्पल कुऱ्हाडीनं तोडली. चांगुणा म्हणाली, पहिल्या वेळेसही असंच सुरू झालं होतं, तोच आजार नव्या किडनीत परत येऊ शकतो हे डॉक्टरांनी सांगितलंय, तपासून घ्या. ताट फेकलं. तिच्या कपाळाला खोक पडली. नेम भिंतीचा होता, ती मध्ये आली.

१२ जून
मेहकरच्या लॅबला लघवी द्यायची. डोकं चालवलं. बाटली चांगुणाकडून भरून घेतली. ही फसवणूक नाही. तिच्यातली किडनी तिची, माझ्यातलीही तिचीच. माल एकाच घरचा. ती नको म्हणत होती, म्हणून हात उगारला. फक्त उगारला. "तुमाले बरं वाटत असन तं घ्या," म्हणाली. बरं वाटलं.

१३ जून
रिपोर्टमध्ये प्रोटीन भरमसाठ. लॅबवाल्या धम्मरत्नची कॉलर धरली, काउंटरची काच बुक्कीनं फोडली. हातातून रक्ताची धार. तो म्हणाला, "भाऊ, मशीन बरोबर हाय. ज्याची लघवी हाय, त्याची किडनी खराब होऊन राह्यली."
ती माझी नाहीच, असं ओरडणार होतो. तोंड उघडलं आणि बाटली कुणी भरली होती ते आठवलं.

१३ जून, संध्याकाळी
चांगुणानं हाताला पट्टी बांधली. तिच्या कपाळावरची अजून तशीच आहे. रिपोर्ट चांगला आला ना, विचारत होती. हो म्हणालो. मग नाही म्हणालो. मग सांगितलं, तो तुझा आहे.
तिनं ताट वाढलं, माझ्यापुढे सरकवलं.
"मंग तुमचा कुठी हाय?"
उद्या दोन बाटल्या न्यायच्या आहेत.