मंगळवारची गाडी

३० डिसेंबर २००८, मंगळवार
आज गाडीत मी एकटी! आठ वर्षं दर मंगळवारी आम्ही तिघी कम्युनिटी सेंटरच्या पूलवर पोहायला जातो — मी, दीना आणि हनान. गाडी माझी, कारण कॅनडातल्या या मिसिसागाच्या बर्फात चालवायचा दम फक्त माझ्यात! दीना मूळची पेणची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, माझ्याहून चोख मराठी बोलते. तिची लेक इस्राएलमध्ये, अश्दोदला. हनानची बहीण गाझात. शनिवारपासून गाझावर बॉम्ब पडताहेत, अश्दोदवर रॉकेटं. सकाळी दोघींचे फोन. "आज नको, उमा." दोघींचे शब्दही तेच.
अर्ध्या वाटेतून परत आले. पण हे चालू देणार नाही मी. दोघींना एका गाडीत बसवणार म्हणजे बसवणार.

६ जानेवारी
पुन्हा "नको". गेलेच नाही. दीनाला म्हटलं, हनानशी समोरासमोर बोल, चहा मी करते. "काय बोलू गं? पोरगी जिन्याखाली बसून फोन करते मला." हनानच्या बहिणीचा चार दिवस पत्ता नाही. तिला म्हटलं, दोन्ही बाजूंनी समजुतीनं घ्यायला हवं. तिनं फोन ठेवला.
नंदन म्हणे, "मी नवरा मिळालो म्हणून, नाहीतर युनोतच जायचीस." हसू दे!

१३ जानेवारी
नको, नको. मीही घरीच. माझाही हट्ट आहे.

१४ जानेवारी
संक्रांत! तिळगुळाचं आधी कसं सुचलं नाही? तीळ तर दोघींच्याही घरात खातात. लाडू वळले, दोन डबे भरले, वर इंग्रजीत चिठ्ठी — "तिळगूळ घ्या, गोड बोला."
हनाननं चिठ्ठी दारातच वाचली. दोनदा. "बहीण सापडली, उमा. तिचं घर नाही राहिलं. आणि मी गोड बोलू?" आवाज चढवला नाही, फक्त डबा परत दिला.
दीनानं डबा ठेवून घेतला, चिठ्ठी परत केली. "ही तिला नाही ना दिलीस? — दिलीस? अगं बाई!"
जन्मभर हे वाक्य म्हणत आले, कधी ऐकलंच नव्हतं. इतकी लाज वाटली की गाडीत बसून रडले.

१८ जानेवारी
लढाई थांबली म्हणतात. हनानच्या दारात जाऊन "चुकले" म्हणाले. तिनं मान हलवली. बस.

२० जानेवारी, मंगळवार
आजही दोघींचं "नको". या वेळी परत फिरले नाही, एकटी तर एकटी! सेंटरच्या दारात पोचते तर समोरच्या बसमधून दोघी उतरल्या. एकत्र! दोघींच्या पिशव्या दीनाच्या खांद्यावर, हनानचा हात दीनाच्या हातात.
"तीन मंगळवार असंच येतोय," दीना खाली बघत म्हणाली. "तुझ्या गाडीत बोलावं लागतं, उमा. बसमध्ये गप्प बसता येतं."
येताना गाडी तिथेच ठेवली. बसमध्ये हनाननं सरकून जागा दिली. सतरा स्टॉप — एक अक्षर बोलले नाही!