पेटीतलं बटन

४ मे
आज नेकनूरला आले. नांदूरघाटला पत्र्याखाली उकडून निघायचे, इथं थेट एसीची खोली! काम गीताबाईंना सांभाळायचं. अर्धांगानं त्यांची उजवी बाजू गेलीय, वाचाही गेलीय. त्यांचा मुलगा विजयसिंहदादा गावचा पुढारी. आईला घाम येता कामा नये, एवढंच त्यांनी बजावलं. गीताबाईंचा लोखंडी पलंग खिडकीला खेटून आहे, आणि एसीचं मोठं यंत्र बाहेरून त्याच खिडकीच्या गजांवर बसवलंय. फोनवर आईला गार हवेचं सांगितलं, तर ती हसून म्हणाली, राणीसरकार झालीस की गं!

६ मे
एसी सारखा बंद पडतोय. बाहेरच्या पेटीतलं बटन आपोआप खाली येतं. वायरमन उत्तरेश्वर बघून गेला. यंत्रातून करंट गळतोय, अर्थिंग तुटलंय, बटन पडतंय म्हणून माणसं वाचतायत, दुरुस्तीपर्यंत एसी लावू नका, असं त्यानं सांगितलं. दादा तडकले, "पाहुणे येणार हायेत बे! बटन काढ, डायरेक्ट कर." त्यानं हात जोडले आणि निघून गेला. मग दादांनी दुसरा माणूस बोलावला. त्यानं मुकाट्यानं बटन काढून तार जोडली. पेटीला कुलूप लागलं. आता एसी थांबत नाही.

८ मे
पडदा सारताना गजाला हात लागला. खांद्यापर्यंत झटका बसला. दादा म्हणाले, चप्पल घालत जा. गीताबाईंनी डाव्या हातानं माझी ओढणी धरली. तोंडातून मोठ्या कष्टानं एकच शब्द काढला, "इमल."

९ मे
शेजारच्या भामाबाईंना विचारलं, ही विमल कोण. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. विमलबाई म्हणजे माझ्या आधीची बाई. मागच्या उन्हाळ्यात याच खिडकीपाशी सापडली. मुठीत गज होता, बोटं काळी पडलेली. लोकांना हार्ट अटॅक म्हणून सांगितलं. गीताबाई पलंगावरून सगळं बघत होत्या.
पेटीतलं बटन त्यानंतरच बसवलं होतं.
म्हणजे दादांना माहीत होतं. माहीत असून काढलं.

१० मे
दादांना तोंडावर विचारलं. ते हसले. म्हणाले, भ्या वाटतंय तर जा, तुझ्यासारख्या लई मिळतात. पिशवी भरली. गीताबाई ओढणी सोडेनात. राहिले.
पलंग खिडकीपासून ओढायला गेले, तर पलंगालाही करंट. गादी आहे म्हणून त्या—

११ मे, दुपार
दादा पाहुण्यांसोबत बीडला गेलेत. फोन उचलत नाहीत, पेटीची किल्लीही त्यांच्याकडेच. एसीचं पाणी फरशीभर झालंय. रिमोटनं बंद केला, तरी गज चावतातच.

लाइट गेली! आत्ताच पलंग ओढायला हवा. भामाबाईंना हाक मारली, येतायत. त्या येईपर्यंत लिहून ठेवते. विमलबाईंचं कुणीच लिहिलं नाही.

भामाबाई अजून आल्या नाहीत. एकटीनंच ओढला. हलला. गीताबाई घाबरल्या— गज धरलाय त्यांनी— सोडत नाहीत. एका हातानं बोटं सोडवतेय— अंगठा सुटला— आणखी एक—

एसीचा दिवा लाग