बुजवलेला तलाव

अलाबामा, जुलै १९६२

ल्युशसदादा,

ज्या पोहण्याच्या तलावासाठी तू तुरुंगात गेलास, त्याचा खटला आपण जिंकलो. काळ्यांची मुलंही तिथं पोहतील, असं कोर्ट म्हणालं. आठवड्याच्या आत नगरपालिकेनं तलावच मातीनं बुजवला.

आता गोऱ्यांची पोरंही आपल्या नदीवर येतात. काल एक जण थेट त्या भोवऱ्याकडे निघाला, जिथं आपली बहीण डेल्फीन बुडाली. मी खेकसले, "मरायचंय का? इकडं ये." तो वळून आला. म्हणाला, "मला पोहता येत नाही. शिकवतेस?"

त्याचा बाप नगरपालिकेत आहे. तलावात माती टाकून घ्यायला तोच उभा होता.

मी त्याच्या पोटाखाली हात धरला आणि म्हटलं, "पाय मार."

असं का केलं, कळत नाही. "आपण जिंकलो ना?" असं तू विचारशील, आणि मला हो म्हणवणार नाही. म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुझी,
ओडेसा