दोर लांब, पट्टी उंच

४ एप्रिल
पंचायतीत गेली. विहिरींची वही सचिवाले दिली. दर सोमवारी दोर सोडून पाणी किती हात खाली गेलं ते लिहितो आम्ही गटाच्या बाया. काम एकाच विहिरीचं मंजूर होऊन राहिलं. आमच्या टेकडीवरची खोल झाली पाहिजे, नाहीतर मे महिन्यात शाळेजवळून पाण्याचे गुंड डोक्यावर वाहा. सचिव म्हणते, "काकू, हे आकडे कोण वाचन? पट्ट्यांचा चार्ट आणा, भिंतीले लावू." चौथी शिकली मी!

५ एप्रिल
सून कविता सौसरले कॉलेजात शिकली. म्हटलं, काढ. तं म्हणते, "वही तुमची आई, तुमीच काढा. मी सांगते." खाली विहिरीचं नाव, एक हात म्हणजे एक खाना. पाटलाची सहा, शाळेची आठ, मंदिराची अकरा, आमची एकोणीस. दोन कागद फाडले. रेघ तिरपी जाते. निळा रंग भरला. पाण्याचा हिशोब, निळाच शोभते.

८ एप्रिल
ग्रामसभा. नाक कापलं.
पाटलाच्या विहिरीवरचा देवराव उठला, "काकूच्या विहिरीत तं सगळ्यात जास्त पाणी! निळंशार!" सारे हसले.
"अरे, तो दोर होय, पाणी नाही!"
"मंग निळा कायले रंगवला?"
सचिवही म्हणे, चार्टात तं तसंच दिसते. काम पाटलाच्या विहिरीले जातच होतं. सरपंचबाई म्हणाल्या, आठ दिवसांनी बसू. तेवढंच वाचलं.

९ एप्रिल
कवितावर ओरडली. ती म्हणे, "माझ्याही लक्षात नाही आलं, आई." भाजी करपली. मी जेवली नाही.
दुपारी विहिरीवर दोर सोडला न् पाहतच राहिली. दोर वरून खाली जाते. मंग पट्टी खालून वर कायले?
कविता म्हणते, "असा चार्ट नसते, आई."
नसन. विहीर तं अशीच असते.

१० एप्रिल
वर आडवी रेघ, तो काठ. पट्ट्या खाली लोंबत्या, मातीच्या रंगाच्या. दोराले दगड बांधून चारही विहिरींचा तळ मोजला; पाण्यापासून तळापर्यंत उरलं तेवढंच निळं. पाटलाचं निळं कागदावर वीतभर लांब. आमचं दोन बोटं.

१६ एप्रिल
देवराव, "काकू, उलटा लावला काय?"
"तू मान उलटी कर."
हसले, पण त्याले. सरपंचबाईनं काठावर बोट ठेवलं, आमच्या पट्टीवरून खाली, खाली आणलं. निळ्यावर थांबल्या. नंतर म्हणे, पाटलाची न् आमची, दोन्ही विहिरींची नावं पांढुर्ण्याच्या हापिसात पाठवू, साहेब ठरवतील. देवरावचा साळा तिथंच बाबू आहे म्हणतात.
सचिव चार्ट गुंडाळून न्यायले लागला. मी म्हटलं, मीही येते. तिथं कोण समजावून सांगन?

१८ एप्रिल, पांढुर्णा
सचिव न् मी तिगाववरून ऑटोनं आलो. दोन घंटे झाले, बाकावर बसून राहिलो. साहेब मिटिंगमध्ये. सचिव चार्ट माझ्याजवळ ठेवून चहा प्यायले गेला तो गेलाच. देवरावही आला, समोरच बसला, काकू पाणी घेता का म्हणते. नाही घेतलं.
आता दार उघडलं. शिपाई विचारते, विहिरीवाले कोण?
देवराव उठला. मीही चार्ट घेऊन उठते.